विकतचा नंबर

सकाळचे पावणेसात. फ्लोरिडाची सहल अजून आठवडाभर लांब आहे, पण न्यू जर्सीतल्या एखाद्या मराठी घरात आई-बाबा दोघंही चहा निवत ठेवून फोनला डोळे लावून बसलेले असतात. सातच्या ठोक्याला डिस्नीच्या ॲपवर ‘लाइटनिंग लेन’ची नोंदणी उघडते. डिस्नीच्याच हॉटेलात उतरणाऱ्यांना ती सात दिवस आधी करता येते, बाहेर उतरणाऱ्यांना तीन दिवस आधी. पुण्याहून आलेले आजोबा शेजारी बसून हे पाहत असतात. जन्मभर रेल्वेची तिकिटं काढलेल्या माणसाला या लगबगीचं नवल नाही. त्यांना कोडं पडतं ते वेगळंच. आत जायची तिकिटं तर कधीच काढून झालीत. मग आता हे पैसे कशाचे?

रांगेत पुढे जायचे.

कुटुंबाला घेऊन थीम पार्कला जायचं म्हणजे विमान, हॉटेल, टोप्या, सनस्क्रीन आणि खाऊचे डबे एवढाच हिशेब असतो, असं वाटतं. पण त्या हिशेबात एक नैतिक प्रश्न बेमालूम घुसलेला आहे: आपला नंबर ही विकत घेण्याची वस्तू आहे का?

पैशाचा शिरकाव तिथे नवा नाही. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइममध्ये 17 जुलै 1955 रोजी डिस्नीलँड उघडलं आणि त्याच वर्षी तिथे कुपनांची पुस्तकं आली. साध्या खेळाला ‘ए’ कुपन, आणि 1959 पासून सगळ्यात थरारक खेळांना ‘ई’. ज्याच्या खिशात ‘ई’ कुपनं जास्त, तो जास्त वेळा बसणार. 1982 मध्ये ही पद्धत संपली आणि एका तिकिटात सगळे खेळ मिळू लागले. 1999 मध्ये ‘फास्टपास’ आला, तोही फुकट. यंत्रात तिकीट सरकवायचं, परत यायची वेळ छापलेली चिठ्ठी घ्यायची आणि तोवर दुसरीकडे हिंडायचं. हा फास्टपास 2021 मध्ये गेला आणि त्याची जागा घेणाऱ्या सोयीला फ्लोरिडात सुरुवातीला माणशी दिवसाला 15 डॉलर पडू लागले. 2024 मध्ये ‘प्रीमियर पास’ निघाला. वेळ ठरवायची कटकटच नको असलेल्यांसाठी कॅलिफोर्नियात तो माणशी 400 डॉलर होता, आणि फ्लोरिडात गर्दीच्या दिवसांत 449 पर्यंत. एका दिवसाचे. प्रवेशाचं तिकीट वेगळं.

वरवर पाहता 1959 चं कुपन आणि 2024 चा पास ही एकाच धंद्याची दोन रूपं वाटतात. तशी ती नाहीत. कुपनाच्या काळात श्रीमंताचं पोर चार वेळा बसायचं आणि कारकुनाचं एकदा. पण दोघंही आधी आलेल्याच्या मागे उभी राहायची. खेळ जास्त वेळा विकला, तर रांगेच्या शेपटाला एक माणूस वाढतो, एवढंच. नंबर विकला की तो कुणाचा तरी काढूनच विकावा लागतो. दोन्ही रांगा जिथे एकत्र येतात तिथे एक कर्मचारी उभा असतो. तो पासवाल्यांची टोळी आत सोडतो आणि मग साध्या रांगेतले थोडे. साध्या रांगेतल्यांची मिनिटं अशी विकली जातात, त्यांना न विचारता, आणि किंमत तिसऱ्याच्याच गल्ल्यात जाते.

यावर अर्थशास्त्राचं उत्तर तयार असतं: ज्याला वेळेची किंमत जास्त, तो पैसे मोजेल आणि वस्तू योग्य माणसाकडे जाईल. हार्वर्डचे तत्त्वज्ञ मायकल सँडेल यांनी 2012 च्या ‘व्हॉट मनी कान्ट बाय’ या पुस्तकाचं पहिलं प्रकरणच रांग मोडण्यावर खर्च केलं आहे, आणि त्यांचा आक्षेप साधा आहे. पैसे मोजायची तयारी ही ओढीची मोजपट्टी नव्हे, कारण त्या तयारीत ऐपतही मिसळलेली असते. वर्षभर त्याच एका खेळाचं चित्र उशाशी ठेवून झोपणारं पोर कदाचित साध्या रांगेतच असेल.

पण थीम पार्क ही काही जीवनावश्यक गोष्ट नाही, खासगी धंदा आहे, आणि ज्याला परवडत नाही तो दाराशीच गळतो. मग आतल्या रांगेसाठी गळा कशाला काढायचा? हा युक्तिवाद बिनतोड वाटतो खरा. मार्टिन ल्यूथर किंग यांना तसा तो वाटला नसता. एप्रिल 1963 मध्ये बर्मिंगहॅमच्या तुरुंगातून लिहिलेल्या पत्रात त्यांनी जी दुःखं सांगितली, त्यांत एक करमणूक बागेचं आहे. सहा वर्षांच्या मुलीने टीव्हीवर अटलांटातल्या फनटाउनची जाहिरात पाहिली होती, आणि काळ्या मुलांना तिथे मज्जाव आहे हे तिला कसं सांगावं ते बापाला कळेना. त्याच वर्षी 28 ऑगस्टला, वॉशिंग्टनच्या ऐतिहासिक मोर्चाच्याच दिवशी, बाल्टिमोरजवळचं ग्विन ओक पार्क सगळ्यांना खुलं झालं. पाळण्यात बसणं जीवनावश्यक नसेल. पण कोणाच्या लेकराला कोणत्या रांगेत उभं राहता येतं, हा प्रश्न त्या समाजाने रस्त्यावर येऊन सोडवला होता.

मराठी माणसाला हे परकं वाटू नये. पंढरपुरात रांगेला ‘बारी’ म्हणतात, आणि त्या बारीत उभं राहण्याचा हक्कही सगळ्यांना आयता मिळालेला नाही. महाद्वारात नामदेवांची पायरी आहे आणि तिच्यासमोर, देवळाबाहेर, चोखोबांची समाधी. दलितांना आत प्रवेश मिळावा म्हणून साने गुरुजींना 1947 च्या मे महिन्यात 1 ते 10 तारखेपर्यंत उपोषण करावं लागलं.

आषाढीच्या आधी तिथे एक विधी होतो. विठ्ठलाचा पलंग शेजघरातून काढतात. देव आता झोपणार नाही, चोवीस तास उभा राहणार. त्याच्या पाठीशी लोड देतात, रुक्मिणीच्या पाठीशी तक्क्या. बारी लांबली म्हणून देवाचीच झोप कापली जाते! एकादशीच्या पहाटे शासकीय महापूजेला मुख्यमंत्र्यांबरोबर बारीतल्याच एका वारकरी दांपत्याला बसवतात. इथे तासन् तास उभं राहणं हाच मान मिळण्याचा निकष. (मुख्यमंत्री बारीतून आलेले नसतात, हेही नोंदवायला हवं.)

सगळीकडे मात्र असं नाही. तिरुमलाला सर्वदर्शन फुकट आहे, 300 रुपयांचं विशेष प्रवेश दर्शनही आहे, आणि श्रीवाणी न्यासाला 10,000 रुपये दिले की ‘ब्रेक’ दर्शनाचा हक्क मिळतो. त्या रकमेला देणगी म्हणतात. डिस्नी निदान किमतीला किंमत म्हणते. देवळांतल्या व्हीआयपी दर्शनाविरुद्धची याचिका जानेवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली, तेव्हा न्यायालयाने अशी खास वागणूक असू नये असं मत दिलं आणि आदेश द्यायला नकार दिला.

म्हणजे रांग एकच असावी, असं म्हणून मोकळं व्हायचं का? आजोबांचे गुडघे तसं होऊ देत नाहीत. गरजेपोटी पुढे सोडणं आणि पैशापोटी पुढे सोडणं यांतली रेघ डिस्नीलाही सांभाळता आलेली नाही. 2013 मध्ये ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने बातमी दिली की, मॅनहॅटनमधली काही धनाढ्य कुटुंबं अपंग वाटाड्याला तासाला 130 डॉलर देऊन त्याच्या सवलतीवर मुलांना पुढे नेतात. त्याच वर्षी डिस्नीने नियम बदलले. 2024 मध्ये ते आणखी आवळून मुख्यतः ऑटिझमसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरते ठेवले. नुसते गुडघे दुखणाऱ्याला त्यात जागा नाही. त्याने चाकाच्या खुर्चीत बसून साध्या रांगेतून यावं, किंवा पैसे भरावेत. न्यू जर्सीच्या घरात सात वाजून दोन मिनिटांनी बटण दाबलं जातं ते बहुधा नातवाच्या हट्टापेक्षा या गुडघ्यांपायी.

फ्लोरिडाच्या मॅजिक किंग्डममध्ये डम्बो नावाच्या उडत्या हत्तीचा पाळणा आहे. 2012 मध्ये तिथे रांगेच्या जागी सर्कशीचा तंबू उभारला. आईबापांच्या हातात एक छोटं यंत्र द्यायचे, मुलं घसरगुंड्यांवर सुटायची, आणि यंत्र थरथरलं की नंबर आला. लाइटनिंग लेन डम्बोलाही आहे. तिची वाट तंबूत न शिरता थेट हत्तीपाशी जाते.