गोचीड, कुत्रा आणि अहिंसा

गोचिडाच्या चाव्यातून कुत्र्याच्या रक्तात शिरणारा बबेसिया हा एकपेशीय परजीवी तांबड्या पेशींत वाढून त्या फोडतो, आणि त्यांतून मुक्त झालेले हिमोग्लोबिन, ऊतींना अपुरा पडणारा प्राणवायू व मूत्रपिंडातील केशिकागुच्छांत, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म वाहिन्यांच्या जाळ्यांत, साचणारी प्रतिकारद्रव्यांची संयुगे यांमुळे मूत्रपिंडाला इजा होते. लघवी गडद होते, तिच्यातून प्रथिने जाऊ लागतात. जैन दर्शनात कुत्रा पंचेंद्रिय, तर गोचीड त्रींद्रिय, म्हणजे केवळ स्पर्श, रस व गंध जाणणारा जीव ठरतो. मग एकाला वाचवण्यासाठी दुसऱ्याला मारावे काय? तत्त्वार्थसूत्र या जैन ग्रंथात उमास्वातींनी हिंसेचे मूळ प्रमादात, म्हणजे क्रोध-लोभादी कषायांनी ग्रासलेल्या असावध प्रवृत्तीत, पाहिले आहे. या व्याख्येने हेतूला महत्त्व येते, परंतु जाणूनबुजून केलेला वध करुणेपोटी केला तरी निर्दोष ठरत नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तथापि आश्रयाला असलेल्या, स्वतःचे दुखणे सांगू न शकणाऱ्या प्राण्याचे मूत्रपिंड निकामी होत असताना स्वस्थ बसणे हाही प्रमादच होय, आणि तो अधिक गंभीर होय. म्हणूनच गोचीड अंगावर चढण्यापूर्वीच त्याला दूर ठेवणारी रोजची दक्षता हे पाळणाऱ्याचे पहिले कर्तव्य ठरते.