फळाचा धनी

माधवनगरहून तासगावच्या रस्त्याला लागून काही अंतर गेले म्हणजे द्राक्षांचे मांडव दिसू लागतात, आणि त्यांच्याकडे पाहताना कर्मफलाचा जुना प्रश्न माझ्या मनात दर वेळी नव्याने उभा राहतो: ज्याने फळाची आसक्ती सोडली, त्याने बाग करावी कशी? एप्रिलची खरडछाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, कोणत्या काडीवर किती डोळे राखावयाचे याचा हिशेब, ही सारी कर्मे आरंभापासून फळावर दृष्टी ठेवूनच होतात. घडाविषयी उदासीन असलेल्या बागाईतदाराला निष्काम म्हणता येत नाही, निष्काळजीच म्हणावे लागते.

भाष्यग्रंथांपेक्षा अरणच्या सावता माळ्याच्या चरित्राने मला येथे अधिक साहाय्य केले आहे. १२९५ मध्ये समाधिस्थ झालेल्या या संताने पंढरीची वाट न धरता आपल्या मळ्यातच विठ्ठल पाहिला, अशी संप्रदायाची श्रद्धा. आणि म्हणूनच पांडुरंगाची पालखी आजही त्याच्या भेटीसाठी अरणला जाते. वाफ्याला वेळेवर पाणी देणे हीच ज्याची पूजा, त्याने पिकाची चिंता सोडली असती तर पूजाच खंडित झाली असती.

परंतु अनेकांनी मिळून बागकाम आरंभिले म्हणजे प्रश्न अधिक सूक्ष्म होतो. गणिताचे अध्यापक श्री. अ. दाभोळकर यांनी उभारलेल्या ‘प्रयोग परिवारा’त तासगावकडचे द्राक्ष-बागाईतदार होते, तसेच शहरात घराच्या गच्चीवर भाजी पिकवणारे गृहस्थही त्यांच्या विचाराने बागकामाला लागले. दहा गुंठ्यांत पाच माणसांच्या कुटुंबाचा निर्वाह व्हावा ही त्यांची मांडणी प्रसिद्ध आहे. मला मात्र तिच्याहून त्यांची रीत मोलाची वाटते. प्रत्येकाने स्वतःच्या जमिनीत प्रयोग करावा, त्याची नोंद ठेवावी आणि जे हाती आले ते सर्वांपुढे मोकळेपणाने मांडावे. बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी थॉमसन वेलींतून निवडलेली ‘तास-ए-गणेश’ ही द्राक्षाची जात काडीकाडीने बागांमागून बागांत गेली. सातबाऱ्याच्या उताऱ्यावर जमिनीचा कब्जेदार सापडतो, पीकपाहणीत पीकही सापडते; त्या काडीबरोबर गेलेल्या ज्ञानाचा धनी मात्र कोणत्याही दप्तरात सापडत नाही. द्राक्षाचा पैसा बागाईतदाराने निःसंकोच घ्यावा, कारण कर्जाचा हप्ता वैराग्याने फिटत नाही. त्याग करावयाचा तो, मला उमगलेले माझ्यापाशीच राहावे, या हक्काचा. आणि यशापेक्षाही, आपल्या चुकीने बागेत भुरी कशी पसरली हे चारचौघांत सांगणे अधिक कठीण असते, कारण तेथे अहंकाराचेच फळ खुडावे लागते.

आमच्या माधवनगरातील परसांत हा त्याग कोणी शास्त्र म्हणून शिकवलेला नाही. दोडक्याच्या वेलीवरचा एक उत्तम दोडका घरातील वडीलधारी स्त्री न तोडता तसाच वाळू देते, आणि मुलांनी हात लावू नये म्हणून त्याला चिंधी बांधून ठेवते. पुढे त्याचे बी कुंपणापलीकडून जो मागेल त्याच्या ओंजळीत पडते. साऱ्या वेलीवर तिने सर्वाधिक जपलेले फळ तेच असते.