बहीण की पायरी

माझ्या धाकट्या भावाची मुलगी अमेरिकेतच जन्मली, तिथंच वाढली. गेल्या वर्षी ती दक्षिणेकडच्या एका राज्यात कॉलेजला गेली. ऑगस्टातल्या एका सकाळी मी देवळातून येऊन चहाचं आधण ठेवलं, तेवढ्यात तिचा फोन. तिकडं रात्र. "आत्या, उद्या मला सोरोरिटी निवडायचीय. दोनच उरल्यात. एक सगळ्यांत वरची आहे, आणि दुसरीत मला बरं वाटतं. काय करू?"

सोरोरिटी म्हणजे काय, हे आधी तिच्याकडूनच समजून घेतलं. लॅटिनमध्ये सोरोर म्हणजे बहीण. कॉलेजातल्या मुलींची ही भगिनीमंडळं. नावं ग्रीक अक्षरांची, पुष्कळांची मोठाली घरं, वर्गणी भरून तिथं राहायचं-जेवायचं, चांगल्या कामासाठी पैसे गोळा करायचे. वर्षाच्या सुरुवातीला काही दिवस नव्या मुली घरोघर फिरतात. याला 'रश' म्हणतात. मुली आपली पसंती देतात, घरं आपली देतात, यादी आखडत जाते आणि शेवटी एका घराचं बोलावणं हातात पडतं. आपल्याकडच्या मुलगी बघण्याच्या कार्यक्रमासारखंच हे. फरक एवढाच, की इथं बघणाऱ्याही मुलीच.

या घरांच्या पायऱ्या कुठं लिहिलेल्या नसतात, पण सगळ्यांना पाठ असतात. वरची, मधली, खालची. कुठल्या घरातल्या मुली देखण्या, कुणाचे वडील पैसेवाले, मुलांची कुठली मंडळं कुणाला पार्टीला बोलावतात, यावर त्या ठरतात.

आणि गंमत बघा, ही मंडळं निघाली ती मुलींना मुलांच्या मंडळांत जागा नव्हती म्हणून. १८६७ साली इलिनॉयमधल्या मॉनमथ कॉलेजात बारा मुलींनी एक मंडळ काढलं. तेच पुढं पाय बीटा फाय झालं. १९०८ साली वॉशिंग्टनच्या हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलींनी अल्फा कप्पा अल्फा काढलं. पण दाराबाहेर उभं राहिलेल्या माणसाला आत आल्यावर पहिली हौस दार लावायचीच असते की काय कोण जाणे. अलाबामा विद्यापीठात अगदी २०१३ साली काळ्या मुलींना रंगामुळं नाकारल्याचं विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्रानं छापलं. आतल्याच काही मुलींनी सांगितलं, की आम्हाला ती मुलगी हवी होती, जुन्या सदस्य बायका आड आल्या. म्हणजे माझ्याच वयाच्या बायका. हे वाचून मी जरा गप्पच झाले.

समंतभद्राचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आठ मद सांगितलेत: ज्ञान, पूजा, कुळ, जात, बळ, ऐश्वर्य, तप आणि रूप. लहानपणी पाठशाळेत आम्ही ते बोटांवर मोजायचो. भाचीनं त्या दिवसांचं वर्णन केलं तेव्हा मी पुन्हा मोजले. बहुतेक सगळे सापडले.

पण मी तिला काय शहाणपण सांगणार? मी गावाकडून बेळगावला कॉलेजात आले तेव्हा बोर्डिंगात माझ्याच गावची एक मैत्रीण खोलीत होती. तेल चोपडलेल्या दोन वेण्या, खणखणीत आवाज. दिवस मावळायच्या आत आम्ही एका ताटात जेवायचो. वर्गात टिळकवाडीच्या चार मुलींचा घोळका होता. इंग्रजी फाडफाड, घड्याळं, मोपेड. एक दिवस त्यांनी मला कँटीनला बोलावलं आणि मी हवेतच गेले. पुढं एकदा त्यांच्याबरोबर उभी असताना मैत्रिणीनं व्हरांड्याच्या त्या टोकावरून मला घरच्या नावानं हाक मारली. मी ऐकूच आलं नाही असं केलं. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली नाही. रात्री ताट नेहमीसारखंच वाढून ठेवलं होतं. मला घास गिळवेना.

त्या चौघी वाईट नव्हत्या. आज त्यांतल्या एकीचाही पत्ता माझ्याकडं नाही, हा दोष त्यांचा नव्हे. मी त्यांना मैत्रीण म्हणून धरलंच नव्हतं, पायरी म्हणून धरलं होतं. पायरीवर माणूस पाय ठेवतो, तिला ओळखत नाही. आणि वर चढायचं म्हटलं की खालची पायरी सोडावीच लागते. ती माझी मैत्रीण होती.

म्हणून भाचीला "वरचं घर सोड" असं मी म्हटलं नाही. तिथं ओळखी होतात, पुढं नोकरीला उपयोगी पडतात, हे खोटं नाही. स्थळ बघताना मीही घराणं विचारतेच की. शिवाय मोठं म्हणून धरणं आणि मोठं म्हणूनच सोडणं, दोन्हीत माप तेच राहतं. 'मला प्रतिष्ठेची पर्वा नाही' असं मिरवणं हा नववा मद व्हायचा.

मी तिला एवढंच विचारलं, "समज, त्या घरांना नावंच नाहीत. कुठलं वरचं, कुठलं खालचं, कुणालाच ठाऊक नाही. मग कुठं जाशील?"

ती लगेच म्हणाली, "दुसऱ्या. तिथं मी बोलताना आधी मनात जुळवाजुळव करत नव्हते."

"मग झालं तर."

"पण आत्या, पहिल्या घरातल्या एका मुलीशी माझं खरंच जमलं होतं."

"तर तिला सोडू नकोस. घर निवडायचंय तुला, माणसं टाकायची नाहीत. रस्त्यात तिनं हाक मारली तर थांब. आणि दुसऱ्या घरातली कुणी हाक मारील, तेव्हा ह्या मुलीसमोरही थांब."

तिनं दुसऱ्या दिवशी दुसरं घर पहिलं लिहिलं, आणि बोलावणंही तिथूनच आलं. ते बरोबर की चूक, हे तिची चार वर्षं ठरवतील.

फोन ठेवला तेव्हा चहा उकळून अर्धा झाला होता. माझ्या त्या मैत्रिणीचा नंबर माझ्याकडं आहे. लग्नाकार्यात आम्ही भेटतो, नीट बोलतो. व्हरांड्यातली ती हाक आपल्याला ऐकू आली होती, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. भाचीला शिकवून झालं. आता मलाच तो फोन करायचाय.