अपुऱ्या दिवसांचे लेकरू

शास्त्रपाठ : १ करिंथ १५:८-१०, प्रेषितांची कृत्ये ९:२३-३१ व ११:२५-२६



पुनरुत्थित प्रभूचे दर्शन कोणाकोणाला झाले याची यादी देताना पौल शेवटी स्वतःकडे वळतो आणि स्वतःला अकाली जन्मलेला म्हणवतो. मूळ ग्रीक शब्द कानाला गोड नाही. दिवस भरण्याआधी पडलेल्या गर्भाला तो लावीत. काही भाष्यकारांच्या मते हा विरोधकांनी मारलेला टोमणा होता आणि पौलाने तो आपल्याच माथी लावून घेतला. तसे असेल तर तो मंडळीच्या आसपासच जन्मला असला पाहिजे.

या वचनावर मी अनेकदा बोललो. पण त्यातल्या जन्माचा विचार कधी केला नव्हता. तो करायला लावला आमच्या मंडळीतील एका मातेने. तिचा मुलगा तिसाव्या आठवड्यात जन्मला, वजन १२०० ग्रॅम. सात आठवडे तो रुग्णालयात होता. त्या काळात आम्ही साखळी प्रार्थना केली, डबे पोचवले, वर्गणी गोळा केली. बाळ घरी आले त्या रविवारी उपकारस्तुती झाली आणि आम्ही मोकळे झालो. ती मात्र मोकळी झाली नव्हती. मूल चौदा महिन्यांचे असताना उपासनेनंतर एका वडीलधाऱ्या काकूंनी तिला विचारले, "अजून उभा राहत नाही? आमचा तर वर्षाचा असताना धावायचा." दोन-तीन रविवारांनंतर ती यायची बंद झाली. काकू मनाने वाईट नाहीत. मी शेजारीच उभा होतो आणि गप्प राहिलो.

काकूंचा हिशेबही चुकला होता. चाळीस आठवड्यांचे दिवस भरतात. हे मूल दहा आठवडे आधी आले. पहिली दोन वर्षे अशा मुलाचे वय जन्मतारखेपासून न मोजता, दिवस भरले असते त्या तारखेपासून मोजावे, असे डॉक्टर सांगतात. म्हणजे तो त्या दिवशी साडेअकरा महिन्यांचाच होता. आपल्याकडे अजून "सातमाशी जगते, आठमाशी जगत नाही" असे म्हणणारे आहेत. तेही खोटे आहे. गर्भात जितके दिवस अधिक, तितका धोका कमी.

परंतु हिशेब दुरुस्त करून सगळे भागत नाही. पुढे तपासणीत त्या मुलाच्या पायांचे स्नायू ताठ असल्याचे निघाले. बत्तीस आठवड्यांच्या आत जन्मलेल्या मुलांत असे होऊ शकते, कारण मेंदूचा जो भाग पायांकडे आज्ञा नेतो तो त्या दिवसांत फार नाजूक असतो. डोळ्यांचेही तसेच. पडद्यावरच्या रक्तवाहिन्या पुऱ्या वाढलेल्या नसतात. म्हणून चौतीस आठवड्यांच्या आतल्या किंवा दोन किलोखालच्या बाळाचे डोळे तीस दिवसांच्या आत तज्ज्ञाकडून तपासून घ्यावेत. फारच लहान असेल तर त्याहूनही आधी. हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असे बाळ असेल, तर लेख खाली ठेवून आधी ती तारीख पाहा.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. सुधा चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ ते १९८९ या काळात घरी सोडलेल्या, दोन किलोहून कमी वजनाच्या बाळांचा मागोवा त्यांच्या तारुण्यापर्यंत घेतला. बाराव्या वर्षी त्या मुलांचा बुद्ध्यंक सरासरी ८९.५ भरला, पुऱ्या वजनाच्या मुलांचा ९७.२. म्हणजे बहुतेक मुले साधारण मर्यादेतच होती, पण मागे होती, आणि सर्वांत लहान जन्मलेली अधिक मागे. डोळ्याने पाहून हाताने उतरवणे, गणित, अशा गोष्टी अनेकांना जड गेल्या. अशी अडचण रुग्णालयातून निघताना दिसत नाही. ती दिसते चौथीच्या वर्गात, जेव्हा गुरुजी मुलाला आळशी ठरवतात आणि मंडळीची साखळी प्रार्थना संपून आठ-नऊ वर्षे झालेली असतात.

कॅनडात डॉ. सरोज सैगल यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक किलो किंवा त्याहून कमी वजनाने जन्मलेल्या किशोरवयीन मुलांनाच त्यांच्या जीवनाविषयी विचारले. अडचणी त्यांना अधिक होत्या, हे त्यांनी लपवले नाही. तरी त्यांच्यातील बहुतेकांनी आपल्या जीवनाला दिलेले मोल इतर मुलांच्या जवळपासच होते. आपण "बिचारे" म्हणतो, तेव्हा कोणाची साक्ष काढतो?

आता पौलाकडे परत येऊ. दिमिष्कात जिवावर बेतले तेव्हा शिष्यांनी त्याला टोपलीतून उतरवून वाचवले. यरुशलेमेत पुन्हा धोका आला तेव्हा बांधवांनी त्याला तार्साला रवाना केले. लूक लगेच पुढे लिहितो की मंडळीला स्वस्थता मिळाली! जीव वाचवला, घरी पाठवला, स्वस्थ झालो. तार्सातली त्याची वर्षे कशी गेली याविषयी लूक काहीच सांगत नाही. मग एके दिवशी बर्णबा उठला आणि त्याचा शोध करायला स्वतः तार्साला गेला. त्याने निरोप धाडला नाही. शोधून काढून त्याला अंत्युखियास आणले आणि वर्षभर त्याच्याबरोबर राहिला.

गेल्या महिन्यात काकू आणि मी त्या घरी गेलो. मुलगा आता सहा वर्षांचा आहे. पायांना कॅलिपर, हाताला भिंत, आणि तोंडाला क्षणाची उसंत नाही. काकूंनी क्षमा मागितली. आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काकू, मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला व्यायामासाठी न्यावं लागतं. मला कामावर खाडा होतो."

मंगळवार काकूंनी घेतला आहे. शुक्रवार अजून कोणी घेतलेला नाही.