परतीचं पाकीट



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १७, श्लोक २० आणि २१.

इथे भगवंत दानातला फरक सांगतात. परतफेडीची आशा न धरता, कर्तव्य म्हणून, योग्य जागी, योग्य वेळी दिलेलं ते सात्त्विक. परतफेडीवर डोळा ठेवून किंवा मन मारून दिलेलं ते राजस.

मांजरीतल्या आमच्या हरिपाठाच्या ग्रुपमध्ये यावरून एकीने छान प्रश्न काढला. ती आवडत्या लेखिकेला हाताने पत्र लिहितेय. सोबत स्वतःचा पत्ता घातलेलं, तिकीट लावलेलं पाकीट ठेवायचं का? "दादा, ठेवलं की उत्तर मागितल्यासारखं होतं. मग माझं प्रेम राजसच झालं ना?"

ही रीत आपल्याकडे जुनी आहे. साहित्य परत हवं असेल तर तिकीट लावलेलं पाकीट सोबत पाठवा, अशी सूचना मराठी मासिकं छापायची. पोस्टाचं जोडकार्डही त्याच विचाराचं. अर्ध्यावर आपलं पत्र, कोरं अर्धं समोरच्याच्या उत्तरासाठी, आणि दोन्हीचे पैसे आपण आधीच भरलेले. गांधीजी तर सहीसाठी पाच रुपये घेत आणि ते हरिजन फंडात जमा करत.

साधा हिशेब करा. साध्या पत्राला ५ रुपयांचं तिकीट. शंभर चाहत्यांना उत्तर द्यायचं तर नुसत्या तिकिटांचे ५०० रुपये, पाकिटं आणि पत्ते लिहिण्याची मेहनत वेगळी. आपल्या इच्छेचा खर्च दुसऱ्यावर का टाकायचा? म्हणून मला वाटतं, पाकीट ठेवावं. ती मागणी नाही, समोरच्याचा भार हलका करणं आहे.

पण तिचा प्रश्न इथे संपत नाही. तेच पाकीट गळही होऊ शकतं. "मी तिकीटसुद्धा लावलं होतं, तरी उत्तर नाही!" हे वाक्य मनात आलं की भेटीचं बिल झालं. ५ रुपयांत टपालखर्च भागतो, लेखिकेचा वेळ विकत मिळत नाही.

मग ओळखायचं कसं? स्वतःला विचारा : तिने ते तिकीट काढून दुसऱ्याच कुणाच्या पत्राला लावलं, तर मला चालेल का? चालणार असेल तर खुशाल ठेवा. नसेल तर पत्र दोन दिवस टेबलावर राहू द्या.

चांगदेवांची गोष्ट आठवा. मायना काय लिहावा हेच सुचेना, म्हणून त्यांनी कोराच कागद पाठवला, असं परंपरा सांगते. त्याला ज्ञानदेवांनी ६५ ओव्यांचं उत्तर दिलं. उत्तर येतं ते देणाऱ्याच्या करुणेतून. पाकीट फक्त वाट मोकळी करतं.

आजचा अभ्यास : कुणाच्या उत्तराची वाट बघत ब्लू टिक मोजताय का? आज त्या माणसाला मनातून मोकळं करा.

माउली!