कधीपासून?

रायगड जिल्ह्यातल्या एका गावात स्मशानभूमीची शेड एकच होती आणि खालच्या दलित वाडीचं प्रेत तिथं जळायचं नाही. भर आषाढात आठवीतल्या एका मुलीचा आजा गेला. ओढ्याकाठी सरण रचलं, वर चौघांनी पत्रे धरले. ओली लाकडं पेट घेईनात म्हणून पुनःपुन्हा डिझेल ओतावं लागलं.

"शेड तर मोकळीच होती," ती वडिलांना म्हणाली.

"पूर्वापार चालत आलंय, बाय."

शाळेत गुरुजींनी महाडचा धडा घेतला, तो पुस्तकाच्या पुढे नेला. चवदार तळं सर्वांना खुलं, असा ठराव नगरपालिकेनं १९२४ मध्ये केला. तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आंबेडकर सत्याग्रहींसह तळ्यावर पाणी प्यायले. त्याच दिवशी सत्याग्रहींना मार बसला, नंतर तळ्याचं 'शुद्धीकरण' झालं, पुढे प्रकरण कोर्टात गेलं. अस्पृश्यांना तळ्यावर बंदी ही वहिवाट अनादि काळापासूनची, असं वादी असलेले सवर्ण सांगत होते. ते त्यांना सिद्ध करता आलं नाही आणि मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं त्यांचं अपील फेटाळलं. हा भाग मुलांना सहसा कोणी सांगत नाही, आणि सांगायला हवा तो हाच.

मुलगी शेडपाशी गेली. खांबावर चुन्याचे थर होते. नखानं खरवडल्यावर खालून अक्षरं निघाली: जिल्हा परिषद निधी, १९८६.

ग्रामसभेत ती उभी राहिली. "शेड १९८६ ची. मग परंपरा कधीपासूनची?"

गलका झाला. कालच्या पोरीनं गावाला शिकवावं का, असं एक जण ओरडला. ग्रामसेवकानं कायदा वाचला: अनुसूचित जातीच्या माणसाला सार्वजनिक स्मशानभूमी वापरू न देणं हा अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. शेड सर्वांना खुली, असा ठराव झाला. दुसऱ्या दिवसापासून वाण्यानं खालच्या वाडीची उधारी बंद केली. ती महिनाभर बंद होती. त्या महिन्यात वडील लेकीवर एकदाही रागावले नाहीत, उलट ठरावाची नक्कल मागून घेतली.

भाद्रपदात वाडीतली एक म्हातारी वारली. नक्कल खिशात घालून वडील पुढे चालले आणि तिला शेडमध्ये अग्नी दिला. वरच्या आळीतून खांदा द्यायला चौघे आले. बाकीच्यांनीही यायला हवं होतं.