कुणाच्या हातचं?

‘आम्ही कुणाच्या हातचं खात नाही’ हे वाक्य माझ्या आजीच्या पिढीत दागिन्यासारखं वापरलं जाई. चारचौघींत ते उच्चारलं की उच्चारणारीची उंची दोन बोटं वाढायची. आज पुण्यात असं कुणी म्हणालं तर त्याच्यावर उपाशी राहायची वेळ येईल. कारण अर्धं पुणं दुसऱ्याच्या हातचं खाण्यासाठी रांगेत उभं असतं, आणि उरलेलं अर्धं तेच पदार्थ घरपोच यायची वाट बघत खिडकीत उभं असतं.

आता त्यात पायपिटीचीही भर पडली आहे. ‘फूड वॉक’ म्हणतात त्याला. मुंबईहून, लंडनहून, इतकंच काय, कोथरूडहूनसुद्धा माणसं येतात, पैसे भरतात आणि एका उत्साही तरुणाच्या मागोमाग जुन्या पेठांतून खात खात हिंडतात. एकीकडे मिसळ, दुसरीकडे वडा, तिसरीकडे मस्तानी. माझी भाची मला म्हणाली, “मामा, तू येच. तुझं सगळं बालपण त्याच भागात गेलंय.” जिथे बालपण फुकट गेलं तिथे म्हातारपणी पैसे भरून जायचं, हे मला जरा जड गेलं. पण पैसे तिनेच भरले होते, त्यामुळे तत्त्वाचा प्रश्न उरला नाही.

आम्ही बारा जण होतो. नारायण पेठेत बेडेकरांची मिसळ झाली, प्रभा विश्रांतीगृहाचा वडा झाला, तुळशीबागेत श्रीकृष्ण भुवनातही बसून झालं. लोक डोळे मिटून रश्श्याचा घोट घेत आणि “लवंग!” असं काही म्हणत. मी मात्र पदार्थांपेक्षा माणसांकडे बघत होतो. कारण माझ्या डोळ्यांदेखत एक अघटित घडत होतं. बारा अनोळखी माणसं एकमेकांच्या बशीत चमचे घालत होती आणि कुणीही कुणाचं आडनाव विचारलं नव्हतं. सदाशिव पेठेच्या हाकेच्या अंतरावर!

माझ्या लहानपणी आडनावानंतर ‘म्हणजे कुठले?’ आणि त्यानंतर ‘म्हणजे कोणापैकी?’ असे तीन प्रश्न झाल्याशिवाय पाण्याचा पेला पुढे येत नसे. म्हणून मला वाटलं, जिंकलो आपण. पण पुणेकराला विजय सहन होत नाही. त्यात खोट सापडेपर्यंत त्याला चैन पडत नाही. मी विचार करू लागलो, की ‘कुणाच्या हातचं’ हा प्रश्न सुटला, की आपण तो विचारायचाच सोडून दिला? दोन्हींत फरक आहे. गणित सुटणं वेगळं आणि गणिताचा तास बुडवणं वेगळं.

खाण्यासाठी पेठांतून पायी हिंडायची कल्पना काही नवी नाही. गरिबाघरची मुलं शिकायला पुण्यात येत तेव्हा ती झोळी घेऊन घरोघर माधुकरी मागत, नाहीतर वार लावून जेवत. सोमवारी या घरी, मंगळवारी त्या घरी. सोमवारच्या घरात सुतक आलं की सोमवारचा उपास. महादेवालाही तेवढंच पुण्य. सदाशिव पेठेतलं आजचं पुणे विद्यार्थी गृह १९०९ साली निघालं ते ‘अनाथ विद्यार्थी गृह’ म्हणून, ते अशाच मुलांसाठी. मधुकर म्हणजे भुंगा. तो प्रत्येक फुलातून थोडं थोडं घेतो, म्हणून माधुकरी. त्या हिशेबाने आम्ही बाराही जण भुंगेच. फरक एवढाच की त्या मुलाला पोट भरायला चालावं लागे आणि आम्हांला खाल्लेलं जिरवायला.

पण त्या माधुकरीतही मेख होती. दारं उघडत ती ठरावीक मुलांसाठीच. ‘ॐ भवति’ ही हाक दारात घालायला आधी जानवं लागत असे. भूक मात्र जानवं बघून लागत नाही, ही निसर्गाची अजून न सुधारलेली चूक.

मंडईपाशी आमची फेरी संपली. ही मंडई १८८६ साली रे मार्केट म्हणून उभी राहिली. तिच्यावरच्या खर्चाला नगरपालिकेत महात्मा फुल्यांनी विरोध केला होता, आणि पुढे तिला नाव दिलं ते त्यांचंच. पुण्यात विरोधकाचा मान असा ठेवतात. असो. आम्ही थांबलो तिथून पूर्वेला पंधरा-वीस मिनिटं चालत गेलं, की पुण्याच्या खाण्याचा खरा इतिहास लागतो. पण तिथे चाखायला काही मिळत नाही, म्हणून बहुधा फेरी तिकडे वळत नसावी.

आधी लागतं गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन. जगात चहावरून दोन मोठी भांडणं झाली. एक १७७३ साली बोस्टनला, तिथे लोकांनी चहा समुद्रात ओतला म्हणून. दुसरं १८९० साली इथे, लोकांनी तो पोटात ओतला म्हणून. मिशनऱ्यांकडे व्याख्यानाला पुण्यातली बडी मंडळी जमली. रानडे होते, टिळक होते. चहा-बिस्किटं पुढे आली. कुणी प्यायले, कुणी नुसता कपाला हात लावला. गोपाळराव जोश्यांनी सगळ्यांची नावं छापून आणली आणि गाव पेटलं. मोठमोठ्या विद्वानांचा निवाडा एका कपाच्या बुडाशी जाऊन बसला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. टिळकांनी आपण काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं सांगितलं. रानड्यांनी पुढे, १८९२ साली, ते घेतलं आणि सनातनी व सुधारक या दोघांच्याही शिव्या खाल्ल्या. आज आपण हसतो. पण त्या काळी बहिष्कार म्हणजे घरात लग्नाला भटजी नाही आणि पंगतीला माणूस नाही. चहाचा एक घोट एवढा महाग कुठल्याही हॉटेलात पडलेला नाही.

जवळच गंज पेठेत फुल्यांचा वाडा आहे, स्मारक म्हणून जपलेला. १८६८ साली, म्हणजे त्या चहाच्या बावीस वर्षं आधी, जोतीरावांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या माणसांना खुला केला. समिती नाही, व्याख्यान नाही. आपला हौद, या आणि भरा.

या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या तेव्हा मला माझी खोट सापडली. पंचहौदला मंडळी दुसऱ्याच्या घरी गेली आणि त्यांच्या हातचं प्यायली. जोतीरावांनी दुसऱ्याला आपल्या घरी बोलावलं. पहिल्यासाठी धीटपणा पुरतो. दुसऱ्याला घर द्यावं लागतं. बाहेर जाऊन खाल्लं तर तासाभराने आपण मोकळे. हात धुतले की संबंध संपला. बिल दिलं की तेवढाही उरत नाही. पैसा आडनाव विचारत नाही हे खरंच, पण तो ख्यालीखुशालीही विचारत नाही.

हे सगळं मी शेजारच्या काकांना ऐकवलं. ते म्हणाले, “अहो, कुठल्या जमान्यात आहात? आम्ही सगळीकडे खातो. कुठल्या गाडीवर कोण तळतंय हे कधी विचारतो का?”

आमची ही आतून म्हणाली, “सगळीकडे खाता हो. पण सगळ्यांना घालता का?”

काका लगेच उठले. त्यांना दूध तापत ठेवल्याचं आठवलं.

तिचा रोख मला कळला. पुण्यातल्या कितीतरी चांगल्या, सुशिक्षित, वर्गणी वेळेवर देणाऱ्या घरांत ओट्याखाली एक कप वेगळा असतो. बहुधा कान तुटलेला. तो कामाच्या मावशींचा. त्याच मावशी कणीक मळतात, भाजी चिरतात, पोळ्या लाटतात. त्यांच्या हातचं सगळं चालतं, फक्त त्यांच्या ओठाचा कप चालत नाही. विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘जातीचं काही नाही हो, हायजीन!’ पूर्वी ज्याला सोवळं म्हणत त्याला आता हायजीन म्हणतात. फरक इतकाच, की सोवळं निदान रोज धुऊन वाळत घालावं लागे.

म्हणून फूड वॉकवाल्यांना माझ्या दोन नम्र सूचना आहेत. एक, फेरी मंडईपाशी संपवू नये. तशीच पुढे न्यावी, पंचहौदवरून, फुलेवाड्यावरून, थेट हमालांच्या पेठांत. हमाल पंचायतीने १९७४ साली तिथे ‘कष्टाची भाकर’ सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्या माणसाला रास्त दरात ताजं जेवण मिळावं, म्हणून. तिथे झुणका-भाकर खावी. शेजारी पुस्तक घेतलेला विद्यार्थीही बसलेला असेल आणि डोक्याला फडकं बांधलेला हमालही. लवंग ओळखायची सक्ती नाही.

दुसरी सूचना, शेवटचा थांबा ज्याच्या त्याच्या स्वयंपाकघरात असावा. त्याला तिकीट नको, मार्गदर्शक नको. फक्त ओट्याखाली वाकून बघायचं. वेगळा कप आढळला तर तो काढून इतर कपांत ठेवून द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी कुणाला कुठला येतो याची फिकीर करू नये. गाव मिसळीचं आहे. एवढी मिसळ आपल्याला जमायला हरकत नाही.